पालथी चप्पल

आमच्या आंजी गावात देवळाबाहेरून चप्पल चोरीला जायची, लग्नाच्या मांडवातून जायची, तेराव्याच्या पंगतीतूनसुद्धा जायची. पण डॉक्टरबाईंच्या दवाखान्याबाहेरून कधी एक गेली नाही. जाणार कशी? तिथे काढून ठेवलेली चप्पल म्हणजे पोलीस ठाण्यात जमा झालेला मुद्देमाल. सकाळी साडेनऊला बाई आल्या की आधी आत जायच्या नाहीत. हातात मोडक्या छत्रीचा दांडा असे. त्या दांड्याने ओट्याखालची एकेक चप्पल पालथी करत, तळ न्याहाळत, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. पेशंट ओट्यावर बसून श्वास रोखून बघत. मग एखाद्या चपलेवर दांडा टकटक वाजे आणि बाई विचारत, "हे कोनाची व्हय?" त्या क्षणी पन्नाशीच्या बाप्यांना बायकोमागे लपताना मी पाहिलं आहे. चांगले तीनशे बाप्ये पाहिले असतील.

तीनशेला आठाने भागा. का, ते येईलच ओघात.

आता घरात चप्पल पालथी पडली की भांडण होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बाई तर रोजच्या चाळीस-पन्नास पालथ्या करणार. शेवटी गावातल्या सासवांनी शिष्टमंडळ नेलं. "बाई, तुमच्या पायी आमच्या घरी रोज भांडनं होऊन राह्यले." बाईंनी चष्मा वर केला. "भांडन चपलेनं होऊन राह्यलं का तुह्या तोंडानं, ते तुह्या सुनेलेच विचारू न?" शिष्टमंडळ तिथेच बरखास्त झालं.

या बाईंचा स्वतःचाच उजवा पाय पुढे कापायच्या बेतात आला होता. आणि तो वाचवायचं काम नशिबाने गावातल्या सगळ्यात थापाड्या माणसाकडे दिलं. म्हणजे माझ्याकडे. ही त्या पायाची हकीकत. पण पाय सांगायचा तर आधी त्यावर बाई उभ्या करायला पाहिजेत.

बाई मूळच्या नाचणगावच्या. जिल्ह्यातल्या निम्म्या सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झाल्या आणि मग आंजीत दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. उंचीला कमी, रुंदीला भरपूर. सुती साडीवर गड्याच्या मापाचा पांढरा कोट. चष्मा बुटाच्या लेसने गळ्यात बांधलेला. आवाज असा की त्यांनी आत "पुढचा!" म्हटलं की थांब्यावरची एस. टी. एक पाऊल पुढे सरके. चहात तीन चमचे साखर आणि सोबत वर्ध्याहून मागवलेली तुपाळ, गोड बिस्किटं, म्हणजे गोरसपाक. डायबेटीस होता त्यांना; विचारलं तर म्हणत, "आहे जराशी साखर." गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. कधी घेत, कधी घ्यायचं विसरत.

माझं मेडिकल दवाखान्याला लागून. मधे एक भिंत, तीही इतकी पातळ की पलीकडे कोणी शिंकलं की मी इकडे गोळी काढून ठेवी. मी खोटं बोलतो हा गावाचा गैरसमज आहे. मी खऱ्याला फोडणी देतो, एवढंच. माझ्या दुकानात शिरलेला नाग खोकल्याचं औषध पिऊन काउंटरखाली चार दिवस झोपला आणि उठला तेव्हा त्याचा फुसकारा मोकळा झाला होता, ही गोष्ट पार पुलगावपर्यंत गेलेली आहे. बाईंनी मात्र माझ्यासाठी एक माप ठरवून टाकलं होतं. नव्या माणसाला माझी ओळखच तशी करून देत. "हा पोट्टा जे सांगन त्याले आठानं भागाचं. आठ साप म्हनला त एक असन. एक म्हनला त दोरी असन." मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा पोट्टा होतो.

पण पेशंटची तरी त्यांना कुठे खात्री होती? "तोंड खोटं बोलते," त्या म्हणत. "जीभ दाखव म्हनलं त लोक जीभबी घासून येते. चप्पल कोनी घासून येत नाई."

एकदा एक नवी सून सासूसोबत आली. आठवा महिना, तक्रार सर्दीची. बाईंच्या दांड्याने रांगेतली तिची चप्पल उचलली. लग्नातली, सोनेरी, आणि दोन्ही पट्टे ब्लेडने कापलेले.

"काऊन कापले व हे?"

सासू म्हणाली, "आजकालच्या पोरीची फॅशन व्हय, बाई."

बाईंनी पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरून येईना. माझ्या अंदाजाने त्यात वाटीभर वरण मावलं असतं. मग ब्लडप्रेशर घेतलं. पट्टा सोडला आणि तशाच ओट्यावर येऊन ऑटोवाल्याच्या नावाने ओरडल्या. सर्दीची गोळी न देताच पोरगी वर्ध्याला रवाना. सासू ऑटोमागे धावत होती, "अवं बाई, नाक वाहून राह्यलं न तिचं!" नाक चार दिवसांनी आपोआप थांबलं. झटके यायच्या आत पोरगी मोठ्या दवाखान्यात पोचली होती, माय आणि लेक दोघीही वाचल्या. लेक आता तिसरीत आहे आणि माझ्या काउंटरवरची आवळा कँडी न विचारता उचलते.

"बाईमानसाचं असंच असते," त्या दिवशी बाई चहा ढवळत म्हणाल्या. "पाय सुजला त चप्पल कापन, पन दवाखान्यात येनार नाई."

दुसरा एक, धट्टाकट्टा, ट्रॅक्टर चालवणारा. पोट दुखतं म्हणून आला. त्याच्या डाव्या चपलेचं टोक घासून घासून नखाएवढं पातळ झालेलं, उजवी जशीच्या तशी. बाईंनी पोटाला हातही लावला नाही. "टाचेवर चाल," म्हणाल्या. डाव्या पायाचा पंजा वर उचलेना. गुडघ्याच्या बाजूची नस चाचपली, ती दोरीसारखी जाड. सदरा काढला तर पाठीवर फिकट चट्टा. बाईंच्या टेबलावर कपाशीचं एक फुटलेलं बोंड कायम असे. त्यातला तंतू काढून त्या चट्ट्यावर फिरवला. "डोळे मिट. सांग, कुठी लागून राह्यलं?" तो म्हणाला, "सुरू कराना, बाई." बाई केव्हाच्या फिरवत होत्या.

महारोग म्हटल्यावर तो एवढा मोठा गडी हमसून रडला. बाई म्हणाल्या, "रडून काय राह्यला? गोळ्या सरकार देते, फुकट. वर्षभर खा अन् बरा हो. पाय लवकर सापडला तुहा." तो बरा झाला. तो कोण, हे बाईंनी कधी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या तोंडातून बाहेर न पडलेली आंजीतली ही एकच गोष्ट असेल.

मात्र गावही काही कमी नव्हतं. बाईंना चपलेवरून कळतं म्हटल्यावर लोक चपला बदलून येऊ लागले. रिपोर्ट बदलून आणणारे तुम्ही पाहिले असतील, चपला बदलून आणणारे फक्त आमच्याकडे. ज्याला साखर लपवायची तो धाकट्या भावाची घालून येई. ज्याला दारू लपवायची तो माळकरी मामाची. एकदा बाईंनी एका मास्तरांच्या चपलेवरून त्यांच्या कमरेच्या मणक्याचं निदान केलं, व्यायाम शिकवले, फळीवर झोपायला लावलं. मास्तर महिनाभर इमानाने फळीवर झोपले आणि कंबर धरून आले. चप्पल मेहुण्याची होती. बाईंनी भरल्या दवाखान्यात मास्तरांची माफी मागितली आणि त्या दिवसापासून नियम केला: चप्पल पाहिल्यावर पेशंटच्या पायात घालून पाहायची. टाच बाहेर आली की चप्पल परकी.

निदान चुकलं तर त्या माफी मागत. न पाहता सांगितलेलं मात्र त्यांना खपत नसे. एकदा वर्ध्याहून एक शिकाऊ डॉक्टर पंधरा दिवस त्यांच्याकडे आला होता. हुशार, भराभर लिहिणारा. एका म्हाताऱ्याच्या कागदावर त्याने लिहिलं, दोन्ही पाय नॉर्मल. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "बाबाजी, डॉक्टरसायबाले तुमचा पाय द्या बरं." म्हाताऱ्याने धोतर सरकवलं, गुडघ्याखालचा रबरी पाय सोडवला आणि टेबलावर ठेवला. चपलेसकट.

पोराचं तोंड पाहवत नव्हतं. बाई ओरडल्या नाहीत. अगदी हळू बोलल्या, दारात उभ्या मलाही कान टवकारावे लागले. "पाह्यलं नसन त 'पाह्यलं नाई' असं लिहाचं, बापू. त्याले कोनी फाशी देत नाई. न पाहता चांगलं हाये म्हनते न, त्यानं मानूस मरते."

नवरात्रात बाईंची पंचाईत व्हायची. निम्मं गाव नऊ दिवस अनवाणी, त्यामुळे ओट्याखाली चपलाच नाहीत. चष्मा हरवल्यासारख्या त्या दांडा घेऊन येरझाऱ्या घालत. मग देवळाच्या वाटेवर जुन्या चपलांचं पोतं घेऊन उभ्या राहत आणि साखरेचा एकेक पेशंट अडवत. "देवीनं सांगतलं का तुले, काटा भरून ये म्हनून? घाल हे! अन् रोज रात्री पाय धुऊन तळवा पाहाचा. स्वतःले दिसत नसन त बायकोले दाखव. बायकोसंग भांडन असन त माह्याकडे ये." देवीपेक्षा बाईंचा धाक मोठा. पोतं रिकामं होई.

सगळ्या गावाच्या चपला अशा ओट्याखाली उघड्यावर. बाईंच्या स्वतःच्या मात्र आत, टेबलाखाली. त्यांच्या चपलेला दांडा लावणारं कोणी नव्हतं.

त्या वर्षी श्रावण सरत आला होता. मी काउंटरवर बसलो होतो आणि बाई समोरून चालत येत होत्या. थांब्याजवळच्या चिखलात त्यांची उजवी चप्पल रुतून मागे राहिली. बाई तशाच पुढे. एक पाऊल चपलेतलं, एक उघडं. पुढे रस्त्याच्या कामाची गिट्टी टाकलेली. त्या टोकदार गिट्टीवरून उघडा पाय असा टाकत आल्या, जसा गादीवर टाकावा. वीस-पंचवीस पावलं. हे भागू नका, हे तेवढंच आहे.

मी चप्पल घेऊन धावलो. "बाई, हे राह्यली न तुमची."

बाईंनी खाली पाहिलं. दुसऱ्याच कोणाचा पाय आपल्याखाली आला असावा तसं पाहिलं. "घाईत निसटली असन," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आठ दिवसांनी पुन्हा. या खेपेला दवाखान्याच्या पायरीवर. मला आठवलं. भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलेलं त्यांचंच वाक्य होतं: "चप्पल निसटली अन् मानसाले समजलं नाई, त चप्पल ढिली नसते, पाय बहिरा असते." बहिऱ्या पायाला काय होतं तेही मी काउंटरवरून बघत आलो होतो. काटा भरतो, कळत नाही. जखम होते, दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. बाईंनी वेळेत वर्ध्याला पाठवलेले दोन पायांवर परत येत. "माह्या पायाचं मले समजते" म्हणणारे कुबडीवर येत.

दुपारी पेशंट सरल्यावर मी आत गेलो. दवाखान्यातल्या मावशी फरशी पुसत होत्या.

"बाई, तुमची चप्पल निसटली, तुमाले समजलं नाई. पाय दाखवा."

"किती डाव निसटली?"

"दोन डाव."

"दोनाले आठानं भाग." बाईंनी हिशेब बोटांवर केला. "पाव. पाव डाव चप्पल निसटते का रे? जा, दुकान पाह्य."

जन्मभर दिलेल्या फोडणीचा ठसका मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

मग मी आणि मावशींनी कट केला. दुसऱ्या दिवशी बाई आत हात धुवायला गेल्या तेव्हा मावशींनी टेबलाखालून त्यांची उजवी चप्पल काढून दिली. मी छत्रीच्या दांड्याने ती पालथी केली. तळात बाभळीचा काटा घुसला होता. पुन्हा सुलटी केली. काटा वरपर्यंत आलेला, बोटाच्या पेराएवढा. वरचं टोक झिजून गुळगुळीत झालं होतं आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा काळपट डाग.

मावशींनी तोंडाला पदर लावला. "यावर चालून राह्यल्या बाई?"

बाई हात पुसत बाहेर आल्या. मी चप्पल पुढे केली. त्यांनी काट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"तूच टोचला असन."

गेल्या होळीला मी त्यांच्या औषधाच्या कपाटात रबरी पाल ठेवली होती.

"बाई, देवाशपथ. एकडाव तळवा पाहू द्या."

"माह्या पायाचं मले समजते!" बाई कडाडल्या. नेहमीचा आवाज नव्हता तो. घाबरलेल्या पेशंटला बाई लांबून ओळखत. घाबरलेल्या बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. बाईंनी माझ्या हातातून चप्पल घेतली, काटा उपटला, खिडकीबाहेर फेकला आणि तीच चप्पल पायात घातली.

बेंगळुरूला त्यांच्या मुलाला फोन करून पाहिला. तो म्हणाला, "काका, आईनं सांगितलंय, तुमच्या बोलण्याला आठाने भागायचं."

त्या नवरात्रात बाई देवळाच्या वाटेवर उभ्या राहिल्या नाहीत. खुर्ची टाकून बसल्या. पोतं शेजारी, उजवा पाय साडीत झाकलेला. बोलणं तेच, "रोज तळवा पाहाचा!" मी पोत्यापलीकडे उभा राहून ऐकत होतो. आणि तिथेच मला सुचलं. बाई तोंडावर विश्वास ठेवत नाहीत ना? मग तोंड उघडायचंच नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव बाईंना सोनं द्यायला येई. बाई ओट्यावर खुर्चीत, पायात काही नाही. आपट्याची पानं हातात घेत, पण पायाला हात लावणाऱ्याला फटकारत, "पाय नको धरू, हात धुतले का?" मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला आणि मी सरळ वाकलो. मी आयुष्यात सासऱ्याच्याही पाया पडलेलो नाही, त्यामुळे मागची सगळी रांग माना उंचावून बघायला लागली.

"काऊन रे बाप्पा? उधारी पाहिजे का?"

मी आधी डाव्या अंगठ्याला पानाचं टोक लावलं. पाय झटकन मागे गेला. "गुदगुल्या कायले करून राह्यला बे!" मग उजवा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात मी आपट्याचं पान देठापासून खोचलं, चांगलं घट्ट. पाय हलला नाही. बाई वर कोणाला तरी मोकळेपणी सांगत होत्या, "पोटात गॅस हाये न, त मग भजे कमी खा."

मी बाजूला होऊन बसलो. बाई लोकांशी बोलल्या, हसल्या. उठल्या, आत गेल्या, गोरसपाकाचा डबा घेऊन आल्या, सगळ्यांना वाटला. पान पायात. मावशींना दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. एकेक करून लोक गेले. ओट्यावर आम्ही तिघं उरलो.

"बाई," मी म्हटलं, "मी तुमाले सोनं देल्लं का?"

"कुठी देल्लं? नुसता वाकला अन् गुदगुल्या केल्या."

"देल्लं. पाहा."

बाईंनी हातातली पानं चाळली. टेबलावर पाहिलं. कोटाचे खिसे पाहिले.

"खाली पाहा, बाई."

त्यांनी पाहिलं. हिरवं पान, दोन बोटांत, झेंडा रोवावा तसं उभं. बाईंनी वाकून ते काढलं आणि तळहातावर ठेवलं. सगळ्या जिल्ह्याच्या पायांवर कापसाचा तंतू फिरवलेली बाई. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आठाने भागावा असा एक शब्दही मी बोललो नव्हतो.

"मावशी, बॅटरी आन," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत मागे रेलल्या आणि उजवा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. "पाह्य. अन् न वाढवता सांग."

मी पाहिलं. करंगळीच्या मुळाशी, तळव्याला, जखम होती. रुपयाएवढी. कड पांढरी, मध्ये काळं, आणि वास. करंगळीही काळवंडलेली. तेवढंच सांगितलं.

"भागू का?"

"नका भागू, बाई."

त्याच संध्याकाळी ऑटो काढला. नुकतीच पूजा झालेली, हँडलला झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. बाई मागे, पाय माझ्या मांडीवर. गाव मागे पडलं.

"माह्या बाबांच्या जोड्यात खिळा होता," मग एकदम म्हणाल्या. "नाचनगावले. मी सातवीत होती. रोज सांजच्यानं बाबा आले का मीच जोडे उचलून ठेवत होती. सरळ, एकापाशी एक. पालथे केले असते त दिसला असता. पाय गुडघ्यापासून कापला त्यायचा."

मी मांडीवरचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"तवापासून सगळ्यायचे पालथे करून पाह्यले."

"अन् स्वतःचे?"

"स्वतःचे कोन पालथे करते, बाप्पा." बाहेर बघत म्हणाल्या, "भेव वाटत होतं रे."

वर्ध्याला डॉक्टरांनी सांगितलं, अजून आठवडा गेला असता तर गुडघ्यापर्यंत आलं असतं. करंगळी गेली, पाय राहिला. सहा आठवडे प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. चौथ्या दिवशी भेटायला गेलो तर बाईंच्या कॉटखाली वॉर्डातल्या सगळ्यांच्या चपला पालथ्या मांडलेल्या आणि सिस्टर डोक्याला हात लावून उभ्या.

परत आल्यावर बाईंना मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल मिळाली. ती त्या आता टेबलाखाली ठेवत नसत. ओट्याखाली, रांगेत, सगळ्यांत पहिली. आणि रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी माझ्या दुकानात येत, स्टुलावर बसत आणि उजवा पाय काउंटरवर ठेवत. "पाह्य."

"आरसा घ्या न, बाई," मी सुरुवातीला म्हटलं.

"आरशात मीच पाहीन. मी मले चांगलंच सांगीन." मग बोट उगारून म्हणाल्या, "सकाळचं हे जे सांगशीन न, ते मी भागनार नाई. समजलं?"

समजलं. मला दरदरून घाम फुटण्याइतकं समजलं. तेव्हापासून दिवसाला एक खरं वाक्य माझ्या वाट्याला आलं. बाकी दिवस नागांना मोकळा. एकदा टाचेला लाल ठिपका दिसला, हरभऱ्याएवढा. हरभराच सांगितला. बाई आठ दिवस घरी बसल्या आणि ठिपका गेला.

पुढे गुडघे थकले, मुलगा येऊन त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. दवाखान्याला कुलूप लागलं. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. उचलला, तर पडदाभर तळवा.

"पाह्य," मागून आवाज आला. "पोराले वेळ नाई. सूनबाई न पाहता छान हाये म्हनते."

तेव्हापासून रोज. गिऱ्हाइकांनाही सवय झाली आहे. आठ वाजता माझ्या हातातल्या फोनवर पाय उगवतो, मी टाचेपासून बोटांपर्यंत पाहतो, बेचक्यांत पाहतो, करंगळीच्या जागी पाहतो, आणि म्हणतो, "साफ हाये, बाई." मग मलाच दटावतात, आता तुझंही साखरेचं वय झालं, मोजली का, चहात किती चमचे. मी म्हणतो, चोवीस. त्या म्हणतात, म्हंजे तीन, दोन कर.

एका सकाळी दुकानात अठ्ठेचाळीस गिऱ्हाइकं. बरं, सहा. एकाच्या पोरीला ताप, एक म्हातारा बीपीच्या गोळ्यांसाठी काउंटर ठोकून राहिलेला. तेवढ्यात फोन. पाय आला, टाच दिसली, आणि नेटवर्क गेलं. चित्र थिजलं. टाचेपुढचा सगळा तळवा नुसते चौकोन.

"कसा हाये रे?" आवाज मात्र स्वच्छ येत होता.

काल साफ होता. परवा साफ होता. चार महिने साफ आहे. एक शब्द म्हटला की काम झालं असतं, आणि ज्या तोंडातून आजवर नाग निघाले त्याला तो शब्द जड नव्हता. म्हातारा पुन्हा काउंटर ठोकायला लागला.

"पाह्यलं नाई, बाई," मी म्हटलं. "पुन्हा लावा."

फोन कटला. मिनिटभराने वाजला. मी म्हाताऱ्याला थांब म्हटलं, चष्मा पुसला आणि टाचेपासून सुरुवात केली.